प्राध्यापकाचे न मोजलेले तास

१८९० साली पुण्यात एक वाद झाला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद टिळक आणि गोखले यांच्यातील मतभेदाचे एक प्रकरण म्हणून होते. पण मुळात तो वाद शिक्षकाच्या वेळेचा होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले आणि टिळकांनी त्यास हरकत घेतली. आजीव सभासदाने आपला सारा वेळ व सारी शक्ती संस्थेला वाहिली पाहिजे, बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत या दोहोंनी मूळ व्रतास बाध येतो, असे टिळकांचे म्हणणे. नेमून दिलेले अध्यापन चोख केल्यानंतर उरलेल्या वेळेचा धनी ज्याचा तो, अशी विरुद्ध पक्षाची भूमिका. तडजोड झाली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. दोन्ही पक्षांची माणसे संस्थेची चालक होती. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे बंधन त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतले होते. ते किती ताणावयाचे आणि कोठे सैल सोडावयाचे, हे ठरविणारी सभाही त्यांचीच होती. आणि गोखल्यांनी जो वेळ आपला म्हणून राखला, त्यातून काय निघाले? फर्ग्युसनमध्ये इंग्रजी, गणित, पुढे इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत असतानाच त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले, ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू सांभाळली, आणि १८९७ साली लंडनला जाऊन वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाविषयी साक्ष दिली. त्या साक्षीमागे अभ्यासाचे जे तास होते, ते महाविद्यालयाच्या कोणत्याही वेळापत्रकात मांडलेले नव्हते.

आज महाराष्ट्रातील महाविद्यालयीन शिक्षकापाशी त्यागाची ती भाषा शिल्लक आहे, ती सभा मात्र नाही. संस्थेचा कारभार कसा चालावा, प्रवेश किती द्यावेत, परीक्षा कोणत्या पद्धतीने घ्यावी, अहवाल किती व कोणास पाठवावेत, यांपैकी एकाही बाबतीत त्याचे मत निर्णायक नसते. तरीही रविवारी सकाळी प्राचार्यांचा निरोप आला की ‘संस्थेसाठी एवढे तर केलेच पाहिजे’ हे वाक्य त्यास ऐकावे लागते. व्रत घेणारा एक आणि व्रताची मर्यादा ठरविणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे.

उदात्त व्यवसायाची किंमत

ही विभागणी केवळ संस्थाचालकांच्या मनोवृत्तीतून आलेली नाही. तिला कायद्याचाही आधार मिळत गेला. गोव्यातील एका शाळेतील शिक्षिकेला १९७५ साली नोकरीवरून कमी करण्यात आले. आपण औद्योगिक कलह कायद्याच्या व्याख्येनुसार ‘कामगार’ आहोत, असा दावा करून ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८८ च्या जुलै महिन्यात सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्याचा निकाल लागला. शिक्षण देणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक, पर्यवेक्षणाचे वा कारकुनी काम नव्हे, ते एक उदात्त कार्य आहे, आणि म्हणून शिक्षक हा कामगार नव्हे, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. शिक्षकाला थोडेफार कारकुनी काम करावे लागत असले, तरी ते अध्यापनाच्या मुख्य कार्याला आनुषंगिक आहे, असेही त्यात म्हटले होते. शिक्षकांना कलहनिवारणाची काही यंत्रणा हवी, याची जाणीव न्यायालयास नव्हती असे नाही. पण ती निर्माण करणे हे विधिमंडळाचे काम ठरले.

‘आनुषंगिक’ हा शब्द आजच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या कर्मचारीगृहात उच्चारून पाहावा. तेथे बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटेल, त्यात गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास वाचता येईल.

उपदानाच्या बाबतीतही हाच अनुभव आला. १९७२ च्या उपदान कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षक बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. शिपायाला उपदान, कारकुनाला उपदान, त्यांना शिकविणाऱ्याला मात्र नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवली. संसदेने २००९ साली कायदा दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती १९९७ पासून लागू केली; तिच्यावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावयास २०२२ साल उजाडले. उदात्ततेचा गौरव आणि हक्काचा संकोच या दोन गोष्टी किती सहज हातात हात घालून चालतात, याचे हे उदाहरण होय. ज्या कामाला आपण उदात्त म्हणतो त्याचे तास मोजणे आपल्याला ग्राम्य वाटते. गिरणीतल्या मजुराचे तास मोजण्यात मात्र कोणालाच संकोच वाटला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्याच्यासाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची कमाल मर्यादा घातली आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी ठरविली. ही तरतूद सर्वत्र पाळली गेली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण मर्यादा कोठे आहे हे मालकाला व मजुराला, दोघांनाही ठाऊक होते.

शिक्षकाच्या बाबतीत काय ठरले आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातील तीस आठवडे, आठवड्याला चाळीस तासांपेक्षा कमी असता कामा नये. रोज किमान पाच तास त्याने महाविद्यालयात उपलब्ध असले पाहिजे. प्रत्यक्ष अध्यापन साहाय्यक प्राध्यापकासाठी आठवड्याला सोळा तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांसाठी चौदा तास. शब्दयोजना नीट पाहावी. ‘कमी नसावे’ असे म्हटले आहे. ‘अधिक नसावे’ असे कोठेही म्हटलेले नाही. शालेय शिक्षकांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तयारीसह पंचेचाळीस तासांचा जो आकडा आहे, तोही किमानच आहे. मजुराच्या कायद्यात छत आहे आणि भोवताली भिंती नाहीत. शिक्षकाच्या नियमांत जमीन तेवढी बांधली आहे, वर आकाश मोकळे.

सहाशे तासांचा जमाखर्च

बाहेरच्या माणसाला सोळा तास हा आकडा हास्यास्पद वाटतो, आणि त्याचे फारसे चुकते असेही नाही. सकाळी साडेदहा ते सायंकाळी सहा खुर्चीवर बसणाऱ्या लिपिकाला आठवड्याचे सोळा तास म्हणजे दोन दिवसांचे काम. म्हणून हा हिशेब एकदा सविस्तर मांडून पाहणे अगत्याचे आहे.

वर्षाचे तीस आठवडे म्हणजे सत्राचे पंधरा. आठवड्याला चाळीस तास धरले, तर एका सत्रात शिक्षकाच्या हाती सहाशे तास येतात. त्यांपैकी सोळा तासांच्या हिशेबाने दोनशे चाळीस तास वर्गात जातात. अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका धरली तर आठवड्याला वीस तासिका होतात. एका तासाच्या अध्यापनामागे एक तासाची तयारी, हे प्रमाण कोणी अवाजवी म्हणणार नाही. जुन्या टिपणवह्यांवर वर्षे काढणारे महाभाग आहेत, आणि दोन तुकड्यांना एकच विषय शिकविताना तयारी वाचते हेही खरे. पण अभ्यासक्रम दर चार-पाच वर्षांनी बदलत असताना प्रामाणिक शिक्षकाला तासाभरात भागवणे कठीणच जाते. तेव्हा आणखी दोनशे चाळीस तास. राहिले एकशे वीस.

आता अंतर्गत मूल्यमापन घ्या. एखाद्या साहाय्यक प्राध्यापकाकडे तीन विषय, प्रत्येकात एकशे वीस विद्यार्थी, आणि प्रत्येकाची सत्रात दोन लेखी कामे, अशी कल्पना करू. कला व वाणिज्य शाखांत ही कल्पना मुळीच अतिशयोक्तीची नाही. सातशे वीस कागद झाले. एका कागदाला दहा मिनिटे दिली, म्हणजे तो वाचला, एक-दोन ठिकाणी खूण केली आणि गुण नोंदविले, तर सात हजार दोनशे मिनिटे लागतात. म्हणजे बरोबर एकशे वीस तास. सहाशे तासांची थैली येथे रिकामी झाली.

अद्याप विद्यापीठाच्या परीक्षेचे पर्यवेक्षण व्हावयाचे आहे, सत्रान्त उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत, प्रवेश समिती, शिष्यवृत्ती समिती, राष्ट्रीय सेवा योजना, तक्रार निवारण, विद्यार्थ्यांची क्रेडिट बँकेतील नोंदणी या साऱ्यांना हात लावावयाचा आहे. परीक्षेचे काम तर ऐच्छिकही नाही; राज्याच्या विद्यापीठ कायद्याने ते प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक केले आहे. आयोगाच्या २०१० च्या विनियमांत आठवड्याला किमान सहा तास संशोधनासाठी ठेवावेत असे म्हटले होते. ते सहा तास कोणत्या तासांतून काढावयाचे, याचा उलगडा तेव्हा झाला नाही आणि नंतरही झाला नाही. संशोधन केले नाही तर पदोन्नती नाही. केले तर ते रात्री, अथवा दिवाळीच्या सुट्टीत, अथवा न तपासलेल्या कागदांच्या खर्चाने.

या शेवटच्या शक्यतेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सातशे वीस कागदांना दहाऐवजी दोन मिनिटे दिली की शहाण्णव तास वाचतात. कोणी तक्रार करीत नाही. विद्यार्थ्याला गुण मिळतात, महाविद्यालयाला वेळेवर गुणपत्रक मिळते, विद्यापीठाला निकाल मिळतो. जे मिळत नाही ते एवढेच, की खेड्यातून आलेल्या, पहिल्यांदाच सलग चार पाने लिहिणाऱ्या एखाद्या मुलाचा कागद कोणीतरी खरोखर वाचला, आणि तिसऱ्या परिच्छेदात तुझा तर्क येथे तुटला आहे असे त्याला सांगितले, हे. शिक्षकाच्या अतिश्रमाची किंमत शिक्षक एकटा भरीत नाही. तिचा मोठा हिस्सा त्या मुलाच्या खात्यावर पडतो, आणि त्याला त्याची पावतीही मिळत नाही.

कागद मागणारे हात

काम वाढले कसे? विद्यार्थी वाढले, हे पहिले उत्तर. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील नोंदणी २०१४-१५ मध्ये ३ कोटी ४२ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाखांवर गेली. ही वाढ आनंदाची आहे. ज्या घरांत आजवर पदवीधर नव्हता, त्या घरांतील मुली आज वर्गात बसतात. पण वर्गातल्या गर्दीने शिक्षक जितका थकतो, त्याहून अधिक तो वर्गाबाहेरच्या कागदांनी थकतो.

१९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. तिचा हेतू वाईट नव्हता. महाविद्यालये काय करतात हे कोणीतरी बाहेरून येऊन पाहावे, ही मागणी योग्यच होती. परंतु पाहणाऱ्याला दाखविण्यासाठी पुरावा लागतो, पुराव्यासाठी छायाचित्र लागते, छायाचित्राखाली दिनांक, उपस्थितांची सही, कार्यक्रमाचा अहवाल आणि त्या अहवालाची फलनिष्पत्ती लागते. वार्षिक गुणवत्ता अहवाल दरवर्षी, स्वयंमूल्यमापन अहवाल काही वर्षांनी, राष्ट्रीय क्रमवारीची माहिती निराळी, विद्यापीठाची निराळी, सहसंचालक कार्यालयाची निराळी. तीच आकडेवारी पाच नमुन्यांत भरावी लागते. पूर्वी एखाद्या प्राध्यापकाने कवितेवर भाषण दिले की भाषण होत असे. आता भाषण हे अहवालाचे निमित्त झाले आहे.

२०१० साली शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आले आणि त्याचे प्रत्येक काम बिंदूंत मोजले जाऊ लागले. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले होते. त्याचा आशय असा की, एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की ते माप पूर्वीसारखे विश्वासार्ह राहत नाही. शोधनिबंधांची संख्या हे विद्वत्तेचे माप ठरताच निबंध छापणारी दुकाने निघाली. पैसे द्या, आठ दिवसांत छापून घ्या. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्या नियतकालिकांत लिहिणारे सर्व लबाड होते काय? काही होते. पण पुष्कळजण असेही होते, की ज्यांना विचार करावयास वेळ मिळाला असता तर त्यांनी पाच वर्षांत एक बरा निबंध लिहिला असता. वेळ मिळाला नाही आणि बिंदू तर हवे होते, म्हणून त्यांनी दहा टाकाऊ निबंध लिहिले.

याच्याच जोडीला घाई. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय एकाच हंगामात अंमलात आणला. यंत्रणा कोलमडली, निकाल महिनोन्‌महिने लांबले, परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ‘प्राध्यापक तपासणीला येत नाहीत’ हे वाक्य त्या दिवसांत वारंवार ऐकू आले. जे येत होते ते किती तास बसत होते, हे कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये महासाथीने महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग घरात आला. तो निरुपायाचा काळ होता. शिक्षकांनी आपल्या खिशातून इंटरनेटचे पैसे भरून शिकविले. पुढे वर्ग परत गेला, पण त्याच्यामागून आलेले बाकीचे सामान घरातच राहिले. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवावी’ असा संदेश येतो. त्याखाली एकेकाचे जोडलेले हात उमटू लागतात. ज्याचे हात उमटले नाहीत त्याचे नाव आपोआप उठून दिसते. शिक्षिकांच्या बाबतीत तर या साडेनऊचा अर्थ आणखी निराळा. त्या वेळी ओटा आवरलेला नसतो, मुलाची वही तपासायची असते, सासूबाईंचे औषध द्यायचे असते. महाविद्यालयातला दिवस संपून घरातला दिवस अर्धा झालेला असताना तिसरा दिवस सुरू होतो.

रिकामी खुर्ची आणि जादा तास

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल, की प्राध्यापकांना सातव्या वेतन आयोगाचे पगार आहेत, उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि शिकवण्या घेणारेही त्यांच्यात कमी नाहीत. मग ही रड कशाला? आक्षेप रास्त आहे. जे वर्गावर जात नाहीत, जे सही करून निघून जातात, ते आहेत. ते प्रत्येक कचेरीत असतात, पण शिक्षकाच्या बाबतीत त्यांचा उपद्रव अधिक, हेही मान्य केले पाहिजे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मर्यादा नसलेल्या व्यवस्थेत कामचुकाराचे काहीच बिघडत नाही, कारण तो किमान मर्यादाही पाळीत नसतो. त्याच्या वाट्याचे काम जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडे सरकते. किती काम पुरेसे, हे ठरलेले नसले की किती काम कमी पडले, हेही सिद्ध करता येत नाही.

आणि ज्यांना सातवा वेतन आयोग ठाऊकच नाही, अशांची संख्या आज मोठी आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून पदभरतीवर निर्बंध आले. २०१८ साली रिक्त जागांपैकी ३,५८० साहाय्यक प्राध्यापकपदे भरण्यास मुभा मिळाली. त्यांतील उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ साली पुन्हा परवानगी द्यावी लागली. मधल्या जागा तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी भरून काढल्या. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. तयारीचे नाहीत, कागद तपासण्याचे नाहीत, सुट्टीचे नाहीत. पीएच.डी. झालेला पस्तिशीतला माणूस सकाळी एका गावच्या महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवितो, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील या आशेवर अहवालाचे कामही फुकट करून देतो. त्याने ‘नाही’ म्हणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकीकडे तासांच्या ओझ्याखाली वाकलेला कायम शिक्षक आणि दुसरीकडे तास मिळावेत म्हणून वणवण करणारा अस्थायी शिक्षक, ही दोन दृश्ये वेगळी नाहीत. महाविद्यालयातील मंजूर पदांची संख्या कार्यभारावरून ठरते. विनामोबदला केलेला प्रत्येक जादा तास हा न भरलेल्या एखाद्या पदाचा अंश असतो. २०१६ च्या मे महिन्यात हे सत्य फार स्पष्टपणे समोर आले. आयोगाने साहाय्यक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन सोळा तासांवरून, ट्युटोरियल धरून, चोवीस तासांवर नेण्याचा आदेश काढला. दिल्लीतील शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला. श्रम वाढतील एवढीच त्यांची तक्रार नव्हती. तासांचे हे गणित बदलले तर तितक्याच वर्गांना कमी शिक्षक पुरतील आणि अस्थायी सहकारी रस्त्यावर येतील, हे त्यांनी ओळखले होते. काही आठवड्यांतच आदेश मागे घ्यावा लागला.

अर्थशास्त्रात या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा एक जुना सिद्धान्त आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाट्य-संगीत संस्थांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दाखवून दिले, की कारखान्यात यंत्र आले म्हणजे एका मजुराचे उत्पादन वाढते, पण चार वादकांची रचना वाजवावयास चार वादक आणि तेवढाच वेळ आजही लागतो. वेतन मात्र इतरांबरोबर वाढत राहते. म्हणून अशा सेवा तुलनेने महाग होत जाणे अटळ असते. शिक्षण हे त्याच जातीचे काम आहे. विलंबित ख्याल द्रुत लयीत उरकला तर मैफल लवकर संपते, पण तो ख्याल राहत नाही. हा वाढता खर्च समाजाने उघडपणे सोसावा, नाहीतर तो कोणाच्या तरी न मोजलेल्या तासांतून वसूल होतो. राज्यकर्त्यांनी गेली काही वर्षे दुसरा मार्ग पत्करला आहे. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढीच त्याची सोय.

शिक्षक संघटनांनी तरी हा विषय कितपत लावून धरला? २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या शिक्षकांचा प्रश्न या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. विद्यार्थ्यांना वेठीस धरल्याची टीका झाली व ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. पगारासाठी एवढा मोठा लढा देऊ शकणाऱ्या संघटनांनी तासांसाठी तितका नेट लावलेला दिसत नाही. ब्रिटनमधील विद्यापीठ शिक्षकांनी मात्र २०१८ पासूनच्या संपांबरोबर ‘करारापुरतेच काम’ हे हत्यार वारंवार वापरले, आणि करारातले काम म्हणजे किती, हा प्रश्न तेथे चर्चेत आणला. आपल्याकडे रेल्वे आणि पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना ‘नियमानुसार काम’ हे शब्द अपरिचित नाहीत. महाविद्यालयात ते वापरू जावे तर अडचण ही, की नियमात शेवटच कोठे लिहिलेला नाही.

कार्यालयीन वेळेनंतर दूरध्वनी न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ च्या जानेवारीपासून कायद्याने मान्य झाला. आपल्या लोकसभेत बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच धर्तीचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे जे होते ते ठाऊक असल्याने त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा रोखही मुख्यतः कंपन्यांच्या कचेऱ्यांकडे आहे. शिक्षकाचे काम तसे घड्याळाच्या ठोक्यावर थांबवता येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. रात्री अकरा वाजता एखाद्या ग्रंथात डोके घालून बसलेल्या प्राध्यापकाला आता उठा असे सांगणारा कायदा कोणालाच नको आहे. अकरा वाजता तो ग्रंथ वाचतो आहे की पाचव्या नमुन्यात तीच आकडेवारी भरतो आहे, एवढाच भेद करता आला पाहिजे.

तो भेद करावयास फार मोठी यंत्रणा लागणार नाही. दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक महाविद्यालयात कार्यभाराचा तक्ता तयार होतो. विभागप्रमुख तो भरतात, प्राचार्य सही करतात, तो सहसंचालकांच्या कार्यालयात तपासला जातो आणि त्यावरून पदे मंजूर वा नामंजूर होतात. त्या तक्त्यात सैद्धान्तिक तासिका, प्रात्यक्षिके आणि ट्युटोरियल असे रकाने असतात. अहवालाचे तास, परीक्षेचे तास, प्रवेशाचे तास, समित्यांचे तास यांना त्यात जागा नाही. ते रकाने एकदा छापले, शिक्षकाने ते प्रामाणिकपणे भरले आणि बेरीज चाळिसाच्या पलीकडे गेली तेथे लाल रेघ मारली, तर पहिल्याच वर्षी सहसंचालकांना दोनच मार्ग उरतील. एक तर काही अहवाल मागणे बंद करावे, नाहीतर रिकामी पदे भरावीत. यंदाचा तक्ता मात्र जुन्याच नमुन्यात छापला जाईल. आणि तो भरून देण्याचे काम विभागातल्या सर्वांत कनिष्ठ साहाय्यक प्राध्यापकाकडे, तासिका संपल्यानंतर, येईल.